कमरुद्दीनचे सोललेले चणे

आता हे सांगायला हरकत नाही. खुद्द कमरुद्दीननेच परवा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर चारचौघांत सगळं सांगून टाकलं आणि वर मला म्हणाला, "दिना, पुढचं तू सांग, तुझ्या तोंडून बरं वाटतं." एवढी मोकळीक मिळाल्यावर मी कशाला गप्प बसू?

मी दिनानाथ. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आधी पेणला आणि मग शेवटपर्यंत रोह्याला, मिळून एकतीस वर्षं. गाडी वेळेवर सुटली नाही की माझं डोकं फिरायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते फिरतंच. आता गाड्या नाहीत म्हणून घरातल्या माणसांवर फिरतं, असं आमच्या मालूचं म्हणणं. मालू म्हणजे बायको. तिचं माहेर निडी. भाताची कापणी झाली की त्याच ओलीवर वाल पेरणारी माणसं. दर वर्षी तिकडून आमच्याकडे पोतंभर कडवे वाल येतात आणि ते सोलता सोलता माझी अडतीस वर्षं संसारात गेली.

कमरुद्दीन आमचा शेजारी, भिंतीला भिंत. शाळेत एका बाकावर बसायचो. बापाचं छत्र्यांचं दुकान चालेना, तेव्हा एकेचाळिसाव्या वर्षी तो कतारमध्ये दोह्याला गेला. रोह्याचा माणूस दोह्याला गेला म्हणून आम्ही तेव्हा बरेच हसलो होतो. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात स्पॅनिश जेवणाचं किचन होतं, तिथे त्याला नोकरी लागली. एकोणीस वर्षं काढून चार वर्षांपूर्वी तो कायमचा परत आला. आल्या दिवसापासून सगळा मोहल्ला त्याला शेफचाचा म्हणायचा. त्याच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर फोटो होता, उंच पांढरी टोपी आणि पांढरा कोट घातलेला. आमच्याकडे पाहुणे आले की मीसुद्धा त्यांना तो फोटो दाखवायला नेत असे. डेपोत तर मी कित्येकांना सांगून ठेवलं होतं की माझा शेजारी शेख लोकांना जेवायला घालतो.

पण या शेफचाचाने घरात कधी पाण्याचा पेला इकडचा तिकडे केला नाही. चहा पिऊन झाला की कप जिथे असेल तिथे. जेवण झालं की हात धुऊन हा उठणार, ताट तसंच. सकीनाभाभींची कंबर गेली दोन वर्षं धरलेली आहे. त्या एक हात कमरेवर ठेवून मोरीत भांडी घासायच्या आणि हा बाहेर खुर्चीवर पेपर वाचायचा. मला ते बघवायचं नाही. एकदा मी त्याला तोंडावर म्हणालो, "अरे नवाबा, निदान आपला कप तरी विसळ." तो उठून आत गेला आणि दोन दिवस माझ्याकडे फिरकला नाही. मी मनात म्हटलं, गल्फच्या पैशाचा माज, दुसरं काय.

स्वयंपाकाचंही तेच. कुणी म्हणालं, चाचा एकदा ते स्पॅनिश काहीतरी खिलवा, की ह्याची कारणं तयार. इथला गॅस बारीक जळतो. इथे तसं तेल मिळत नाही. गुडघे दुखतात. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे आपल्याकडे, पण ती ह्याला लागू पडेल हे मला चार वर्षांत सुचलं नाही. एवढा मी हुशार.

त्याचा मुलगा फहाद डोलवीच्या पोलाद कंपनीत आहे. सहा वर्षं कंत्राटावर राबला, शिफ्ट करकरून डोळ्यांखाली काळं आलं, आणि गेल्या वर्षी कायम झाला. कायम होणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी सकीनाभाभींनी आख्ख्या गल्लीत शिरखुर्मा वाटला होता. असा हा फहाद डिसेंबरात एके दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मी नोकरी सोडतोय."

त्याचं म्हणणं सरळ होतं. स्टेशनजवळ पोपटशेठचा गाळा रिकामा होता. अब्बांसारखा शेफ घरात असताना आपण लोखंडाच्या धुरात मरायचं कशाला? अब्बा किचन बघतील, तो गल्ला आणि गिऱ्हाईक बघेल. ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणि शिरका, म्हणजे व्हिनेगर, तो पनवेलहून घेऊनही आला होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आता फक्त एकच राहिलं होतं. अब्बांनी घरी एकदा एक पदार्थ करून दाखवायचा. तो सगळ्यांनी खायचा. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर जेवण, शनिवारी कंपनीत राजीनामा आणि रविवारी पोपटशेठला होकार, असा सगळा कार्यक्रम त्याने ठरवला होता. वेळापत्रक ऐकून मला कौतुकच वाटलं. मी म्हटलं, पोरगा कामाचा आहे.

कमरुद्दीन हे सगळं ऐकत होता आणि मान डोलवत होता. त्या आठवड्यात त्याने दाढी केली नाही आणि टपरीवरही आला नाही. मला वाटलं, मोठं काम अंगावर घेतलंय, विचारात असेल.

सोमवारी संध्याकाळी तो आमच्या मागच्या दारी आला. हातात किलोभर काबुली चणे. मालूला म्हणाला, हॉटेलची खास पाककृती आहे, घरात कुणी बघायला नको, तेव्हा शुक्रवारी सकाळी मी तुमच्याच घरी करीन आणि पातेलं घेऊन जाईन. तोवर एवढे चणे तेवढे तयार करून ठेवा. मालू म्हणाली, ठेवते. ह्यापलीकडे दोघांत एक शब्द झाला नाही.

आता निडीच्या बाईला कडधान्य तयार करून ठेव म्हटलं की ती काय करणार? तिने सोमवारी रात्री चणे भिजत घातले. मंगळवारी सकाळी उपसून धोतराच्या फडक्यात बांधले. थंडीचे दिवस, म्हणून गाठोडं माझ्या जुन्या खाकी स्वेटरमध्ये गुंडाळून डब्यात दडपून ठेवलं. गुरुवारी त्यांना बोटाच्या पेराएवढे मोड आले. मग कोमट पाण्यात टाकून आम्ही दोघं टीव्हीसमोर सोलायला बसलो. वालाला चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी पुढे सटकते आणि साल हातात राहतं. तसंच एकेका चण्याचं करत गेलो. मालू मधेच म्हणाली की ह्यांना वालासारखा वास नाही, बिनचवीचे दिसतायत. मीही म्हटलं, स्पॅनिश आहेत, त्यांना काय वास असणार. पण सोलण्यात काही चुकतंय असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. जेवणं होईस्तोवर सोलत होतो. माझ्या अंगठ्याचं नख दुखायला लागलं.

शुक्रवारी सकाळी आठला कमरुद्दीन आला. बगलेत फहादची तेलाची बाटली आणि शिरका, हातात पालकाच्या चार जुड्या. मालूने त्याच्यापुढे परात ठेवली. पांढरे, उघडे, शेपट्या फुटलेले चणे. निम्म्यांच्या दोन दोन डाळी झालेल्या.

"झाले ना बरोबर, भाऊजी?" मालूने विचारलं.

कमरुद्दीन परातीकडे बघत राहिला. एक चणा उचलला, उलटा केला, सुलटा केला, तोंडात टाकला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे असंच असतं काय?"

मी एकतीस वर्षं नवे ड्रायव्हर-कंडक्टर बघितलेत. नव्याने गाडीत चढलेला कंडक्टर जर मला विचारायला लागला की घंटीची दोरी कुठे असते, तर मला काय कळायचं ते कळतं. तसं त्या क्षणी कळलं. एकोणीस वर्षं चणे शिजवलेला माणूस मालूला ओरडला असता, हसला असता, कपाळावर हात मारून घेतला असता. हा विचारत होता. ह्याला माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, "कमरू, तू तिथं काय करायचास?"

तो आमच्या पाटावर बसला. परातीतले चणे बोटांनी बाजूला सारत राहिला. मालूने गॅस बंद केला. तेव्हा तो म्हणाला, "मी भांडी घासायचो, दिना. एकोणीस वर्षं. नुसती भांडी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरी लागली तेव्हा त्याने आईला फोनवर सांगितलं होतं, हॉटेलच्या किचनात काम मिळालं. आईने त्याच संध्याकाळी गल्लीत बत्तासे वाटले की माझा कमरू विलायती हॉटेलात शेफ झाला. दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा स्टेशनावर लोक हार घेऊन उभे. आईच्या डोळ्यांत पाणी. त्या वेळी सांगायचं राहिलं, आणि एकदा राहिलं ते राहिलंच. फोटोतली टोपी पाको नावाच्या म्हाताऱ्या स्पॅनिश स्वयंपाक्याची, पाच मिनिटांसाठी मागून घेतलेली. आई गेली. तिच्यामागे खोटं मात्र राहिलं, आणि ते सांभाळायला हा राहिला.

"मग घरात कप का विसळत नाहीस?" मी विचारलं. माझा राग अजून तिथेच अडकला होता.

"हातात बसलंय ते," तो म्हणाला. "एक ताट घासलं तरी बघणाऱ्याला कळेल की हा माणूस ह्याच कामाचा हाय. सकीनाला तर लगेच कळेल."

मला खरंच राग आला होता, ते लपवत नाही. डेपोत मारलेल्या एवढ्या बढाया, पाहुण्यांना दाखवलेला तो फोटो, सगळं आठवलं. पण त्याहून जास्त आठवला तो फहादचा शनिवार. मी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची हे तुझ्यापुरतं ठीक होतं, पण आता ह्या मुठीत पोराची कायमची नोकरी आहे. आज सांग. उद्या सकाळी त्याने कागद दिला की ती गाडी सुटली, मग तू मागून किती धावलास तरी ती थांबायची नाही. त्याने मान खाली घातली. म्हणाला, "सांगायलाच हवं. पण भाजीही व्हायला हवी. लोक जेवायला बसणार हाईत."

मालू उठली, गॅस पेटवला आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही केली नाय ते कळलं. बघितली तर असेल?"

इथे खरी गंमत झाली. हॉटेलात कमरुद्दीनची पाठ चुलीकडे आणि तोंड भिंतीकडे असायचं, त्यामुळे त्याने पदार्थ होताना बघितलाच नव्हता. पण दर शुक्रवारी पाको नोकरमाणसांसाठी हीच चण्या-पालकाची भाजी करायचा. त्याच्या गावाकडे शुक्रवारी मटण-मांस खात नसत, आपल्याकडे सोमवार-गुरुवार पाळतात तसं. त्यात हराम काही नाही म्हणून कमरुद्दीन निर्धास्त खायचा, उभ्या उभ्या, सिंकपाशी. आणि त्या भाजीची सगळी भांडी एकामागोमाग एक त्याच्याच हाताखाली यायची. ती त्याला पाठ होती.

"पहिला यायचा तवा," तो डोळे मिटून म्हणाला. "तेलकट. तळाला पावाचा चुरा चिकटलेला, खरपूस. लसणाचा वास."

"म्हणजे आधी लसूण आणि पाव तेलात तळायचा," मालू म्हणाली. "मग?"

"मग खल-बत्ता. आतून लाल लगदा. जिऱ्याचा वास. आणि आंबट, नाकात जाणारा."

"तोच पाव, तोच लसूण कुटायचा. जिरं, तिखट आणि हा शिरका. मग?"

"त्या लाल लगद्याला चुलीचा वास असायचा. धुराचा."

मालू परसात गेली. तिथे पाणी तापवायची चूल होती. चार सुक्या मिरच्या, तिखट नसलेल्या, रंगाच्या, तिने धुरात धरल्या. थंडीत मडक्यात पोपटी भाजताना येतो तसा घरभर वास सुटला. कमरुद्दीनने डोळे उघडले आणि म्हणाला, "हाच."

शेवटी मोठं पातेलं यायचं, कडेला हिरवं चिकटलेलं. म्हणजे पालक आणि चणे त्यात एकत्र, आणि लाल लगदा त्यावर घालून घोटलेला. राहिला प्रश्न चण्यांच्या सालांचा. कमरुद्दीन म्हणाला की एक चाळणी यायची आणि तिच्या भोकांत पातळ सालं अडकलेली असायची, ती काढताना नखं दुखायची. मी म्हटलं, म्हणजे चण्यांना साल होतं, आपण उगाच सोलले. मालू म्हणाली, म्हणजे त्यांनीही सोलले होते, म्हणून तर सालं चाळणीत राहिली. ह्यावर आमचं चांगलंच जुंपलं. आजही मिटलेलं नाही. पण चणे आता सोललेले होते, त्यांना पुन्हा साल चढवता येत नव्हतं.

मोड आलेले, सोललेले ते चणे उघड्या पातेल्यात अर्ध्या तासात लोण्यासारखे शिजले. कमरुद्दीनने पाव तळले. बत्ता त्याने हातात घेतला तेव्हा मालूने त्याला कोपर कसं ठेवायचं ते दाखवलं. चौसष्टाव्या वर्षी तो आयुष्यातली पहिली भाजी करत होता. कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता आणि तो पुसत नव्हता. शेवटी लाल लगदा पातेल्यात पडला, पालक गडद झाला, रस आळला. त्याने चमच्याच्या टोकाने चव घेतली, मग पुन्हा एकदा घेतली.

"थोडी वेगळी लागते," तो म्हणाला. "पण शुक्रवारची आठवण झाली."

दुपारी दोनला आम्ही त्यांच्या घरी बसलो. फहाद, सकीनाभाभी, फहादची धाकटी बहीण सहर आणि आम्ही दोघं. मधोमध पातेलं, बाजूला बेकरीचे पाव. दुसऱ्या घासाला सहर म्हणाली, ही तर आपल्या वालाच्या बिरड्यासारखी लागते पण बिरडं नाही. सकीनाभाभींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. फहादने पावाच्या तुकड्याने ताट असं निपटलं की नक्षी दिसायला लागली.

"अब्बा," तो म्हणाला, "पाटीवर पहिलं नाव हिचंच. बस, ठरलं." आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने आम्हाला दाखवला. राजीनामा टाईप करून आणला होता. नुसती सही बाकी.

खरं सांगतो, खरी अडचण इथेच होती. भाजी बिघडली असती तर सोपं होतं. भाजी जमली होती. कमरुद्दीनने आता फक्त गप्प बसायचं, बाकी सगळं आपोआप होणार होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो मुलाच्या हातातल्या कागदाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर मला तो मोह स्पष्ट दिसला. कुणाला होणार नाही? मुलगा इतक्या कौतुकाने बघतोय. मी बोलायला तोंड उघडलं तर मालूने माझ्या मांडीवर हात दाबला. तिचा हात दाबला की मी गप्प बसतो. तिच्यापुढे माझं डोकं फिरायचं थांबतं.

कमरुद्दीन उठला. त्याने आपलं ताट उचललं. मग फहादचं उचललं, मग माझं. सकीनाभाभी गडबडून उठायला लागल्या, अहो ठेवा, तुम्ही कशाला. त्याने ऐकलं नाही. सगळी ताटं एकात एक घालून, चमचे एका पेल्यात उभे करून, तो एका फेरीत सगळं घेऊन आत गेला. आमच्यातल्या कुणालाही ते एका फेरीत नेता आलं नसतं.

मोरीतून पाण्याचा आवाज यायला लागला. आम्ही सगळे एकेक करून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिलो, कुणी बोलावलं नसताना. तो वाकून घासत होता. हात दिसत नव्हते, इतके भराभर चालत होते. ताट एकदा फिरायचं, दुसऱ्यांदा पाण्याखाली जायचं आणि बाजूला उभं राहायचं. आवाज नाही, खणखण नाही. पाण्याची धार सारखी बारीक. मी माझ्या आयुष्यात कुणालाही इतकं सुंदर काम करताना बघितलेलं नाही, आणि हे मी भांड्यांबद्दल बोलतोय.

मागे न बघता तो म्हणाला, "फहाद, मी हे काम केलं. एकोणीस वर्षं हेच. शेफ मी एक दिवसही नव्हतो. आजची भाजी माझ्या हातची पहिली, तीही मालूवहिनीने करवून घेतली. तो कागद देऊ नको."

फहादने विचारलं, "आणि फोटो?"

"टोपी दुसऱ्याची."

पाणी वाहत राहिलं. फहादच्या चेहऱ्यावर राग आला, मला दिसला, आणि यायलाच हवा होता. तो म्हणाला, "अब्बा, मी सगळ्या कंपनीला सांगितलंय." कमरुद्दीन म्हणाला, "माहीत हाय." एवढंच. मग फहाद दारातच उंबऱ्यावर बसला. डोकं हातात धरलं. बसल्या बसल्या जे बोलला ते मला कधी विसरता येणार नाही. त्याने सांगितलं की पंधरा दिवस त्याला झोप नाही. नोकरी सोडायची त्याला मुळात इच्छाच नव्हती. पण अब्बा दिवसभर खुर्चीवर बसून असायचे, काही बोलायचे नाहीत, आणि त्याला वाटायचं, एवढं मोठं कसब असलेला माणूस मी घरात कुजवतोय.

"म्हणून," तो म्हणाला. "तुमच्यासाठी." आणि त्याने तो कागद चार तुकडे करून मोरीशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

माझा जीव भांड्यात पडला. मालूने पदराने डोळे पुसले, आणि मीही पुसले, पण ते धुरामुळे असं तिला सांगितलं. चूल त्यांच्या घरात नव्हतीच.

राहिल्या सकीनाभाभी. त्या एवढा वेळ कमरेवर हात ठेवून दाराला टेकून उभ्या होत्या. आम्हाला वाटलं, आता ह्या रडणार किंवा भांडणार. तेवीस वर्षं फसवलेली बाई, तिला दोन्हींचा हक्क होता. त्या हळूहळू चालत मोरीपाशी गेल्या, उभी करून ठेवलेली ताटं बघितली, एकावरून बोट फिरवलं. ताट चकचकीत होतं.

"म्हणजे चार वर्षं," त्या म्हणाल्या, "माझ्या घरात भांडी घासणारा माणूस होता, आणि तो बाहेर पेपर वाचत बसला होता."

पहिल्यांदा सहर हसली. मग कुणालाच आवरेना. कमरुद्दीन मोरीत उभा राहून इतका हसला की खोकला लागला, आणि हसता हसता त्याचे खांदे गदगदायला लागले. मग त्याने तोंडावर पाणी मारून घेतलं. सकीनाभाभींनी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. त्या दोघांना असं एकमेकांजवळ उभं मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

शेवटचं राहिलं होतं ते पातेलं. कमरुद्दीनने ते हातात घेतलं, आत बघितलं, मग घासून ठेवलेल्या ताटांकडे बघितलं. म्हणाला, "आज ताटांना घासायला काही उरलंच नव्हतं. तिथं शुक्रवारी असंच यायचं. म्हणजे भाजी जमली." ह्या बाबतीत त्याचं मत शेवटचं, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं.

फहाद उंबऱ्यावरून उठला, खुंटीवरचा नॅपकिन घेतला आणि बापाच्या शेजारी जाऊन ताट पुसायला लागला. कमरुद्दीनने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"पुसायचं नाय," तो म्हणाला. "पुसलं की डाग राहतात. असं तिरकं उभं कर, दोन ताटांत बोटभर जागा सोड. वारा लागला पायजे. आता तू कर."

फहादने ताट घेतलं आणि बापाने दाखवलं तसं तिरकं उभं केलं. बोटभर जागा सोडली. कमरुद्दीनने वाकून बघितलं, एक ताट जरासं सरकवलं आणि पुढचं त्याच्या हातात दिलं.